शेड नंबर चौदा

टपरीवर हल्ली सगळे मलाच विचारतात,
"इरेशम, पोराबाळांना न्यायचंय बे, कुठलं पाणी चांगलं?"
गेलोय मी एकदाच. बोनसच्या पैशात, तीन दिवस.
पण अक्कलकोट रोडच्या आमच्या लायनीत
समुद्राच्या आत जाऊन वर आलेला मी एकटाच.

तर ऐका.
कंबर धड असेल तर देवबागला केळ्याच्या बोटीवर बसा.
सहा जण ओळीनं, पुढं मोटारबोट, आणि मधेच
तो पोऱ्या मुद्दाम पलटी मारतो. पैसे पलटीचेच असतात.
राजमणी पाण्यात पडली तरी दोरी सोडेना.
रोज हजार विड्या वळणारी बोटं ती,
दोघांनी मिळून एकेक उलगडावी लागली.
वर आली तेव्हा हसत होती.
ही इतक्या मोठ्यानं हसते
हे मला लग्नानंतर एकवीस वर्षांनी कळलं.

छत्रीला बांधून उडवतात ते मालवणात.
श्रावंती गेली. कॉलेजात फाडफाड मराठी बोलणारी पोरगी,
वर गेल्यावर "नान्ना!" म्हणून ओरडली.
जीव टांगला की घरची भाषा तोंडात येते.
खाली वाळूत मी दोन्ही हात वर करून उभा,
जसं काही ती पडली असती
तर मी झेललीच असती.

गुडघे दुखणाऱ्यांनी खाडीत वल्ह्याची होडी घ्यावी.
जोडीनं बसवतात. एक-दोन, एक-दोन मारायचं.
आम्ही पाऊण तास तिवरांपाशी गोल गोल फिरलो.
काठावरचा बगळासुद्धा कंटाळून उडाला.

आणि मग ते आतलं.
रुजाय नावाचा पोरगा, माझ्या पाठीला नळकांडं बांधत म्हणाला,
"भियां नको रे काका, मी आसंय."
डोकं पाण्याखाली गेलं
आणि साचे बंद पडले.

कळतंय ना काय म्हणतोय?
बावीस वर्षं. जेवताना, झोपेत,
मयताला जाऊन उभं राहिलो तरी कानात खटखट, खटखट.
तिथं काही नाही.
फक्त माझा श्वास, जाताना एक, येताना एक,
सावकाश, कुणी ओव्हरटाइम न लावलेला.
पिवळ्या पट्ट्यांचा मासा तोंडासमोर येऊन थांबला,
चेकिंगवाला बघतो तसं खालून वर बघितलं,
आणि पास करून निघून गेला.

हां, एक राहिलं.
आमच्या टॉवेलात एक शेड आहे, चौदा नंबर,
ऑर्डरच्या कागदावर नाव 'समुद्री निळा'.
त्याचा तुकडा खिशात घालून नेला होता, जुळवून बघायला.
सकाळी पाणी राखाडी. दुपारी काठाला कच्च्या पेरूसारखं.
संध्याकाळी घासलेल्या घंगाळासारखं तांबडं.
चौदा नंबर कुठंच नाही.
बाहेर आल्यावर कुडकुडत होतो, रुजायनं अंगावर टॉवेल टाकला.
विटका, खारट, एका कोपऱ्यात भोक.
किनार उलटी करून बघितली. आपलीच वीण.
त्याला काही बोललो नाही.
परत द्यायला मात्र जरा उशीर केला.

तर कुठं जायचं, ते तुमच्या खिशावर आहे.
उजनीला बोट मिळते. कंबर तलाव आहे.
मी आता काय करतो सांगू?
पाच दिवसांनी नळ येतो, रात्री अडीचला.
परवा पिंप काठोकाठ भरलं
आणि मी खांद्यापर्यंत वाकून डोकं आत घातलं.
"काय हरवलं?" राजमणी मागून विचारत होती.
ऐकू आलं नाही नीट.
दहा-बारा सेकंद मिळाले.